आंतरराष्ट्रीय आरोग्यातील संशोधन आणि संशोधक

वैद्यकाच्या बहुतेक शाखांना एखाद्या अवयवावरून किंवा रोगावरून नाव मिळाले आहे. हृदयविकाराचा अभ्यासक कोणत्याही देशात काम करीत असला, तरी त्याच्या समोरचे हृदय एकाच प्रकारे चालते. आंतरराष्ट्रीय आरोग्य ही शाखा मात्र अवयवावरून ठरत नाही आणि रोगावरूनही ठरत नाही. एकाच जंतूची बाधा झालेले मूल एका देशात चार दिवसांत पुन्हा खेळू लागते आणि दुसऱ्या देशात दगावते. हा फरक का पडतो आणि तो कसा मिटविता येईल, हा या शाखेचा मूळ विषय होय. म्हणूनच तिच्यात वैद्यकाबरोबर संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, पोषणशास्त्र आणि राज्यकारभाराचा अभ्यास यांनाही स्थान आहे.

या विषयात पदव्युत्तर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात पहिल्याने काही व्यावहारिक प्रश्न उभे राहतात. विद्यापीठ कोणते निवडावे, शिष्यवृत्ती कोठून मिळेल, किती वर्षे लागतील, हे ते प्रश्न होत. ते उपेक्षणीय नाहीत आणि त्यांचा विचार पुढे केलेला आहे. तथापि प्रबंधाचे खरे मोल आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असते. संशोधनाचा प्रश्न कोठून आला, ही पहिली गोष्ट. आणि त्याचे उत्तर कोणाकडे परत गेले, ही दुसरी. या शाखेतील संशोधनाचा मोठा भाग शंभर वर्षांहून अधिक काळ भारताच्या भूमीवर झालेला असल्यामुळे या दोन्ही गोष्टींचे धडे भारतीय अनुभवातून जितके स्पष्ट मिळतात, तितके क्वचितच अन्यत्र मिळतील.

विषयाची घडण

आंतरराष्ट्रीय आरोग्याचे पूर्वरूप म्हणजे उष्णकटिबंधीय वैद्यक. त्याचा जन्म साम्राज्याच्या गरजेतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उष्ण प्रदेशांतील ताप व अतिसार यांनी युरोपीय सैनिक, खलाशी, मळ्यांचे मालक आणि अधिकारी जर्जर होत व त्यामुळे कारभार आणि व्यापार दोन्ही खोळंबत. १८९८ मध्ये लिव्हरपूल येथे आणि १८९९ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने लंडन येथे या विषयाचे शिक्षण देणाऱ्या संस्था स्थापन झाल्या. अल्मोडा येथे जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी पाहिला. पुढे ते लिव्हरपूलच्या संस्थेत अध्यापक झाले आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रुग्णाच्या रक्तावर ते डास पोसले गेले, त्याचे नाव हुसेन खान असे होते. दर डासामागे त्याला एक आणा देण्यात आला. संशोधक आणि संशोधित यांच्यातील त्या काळचे नाते या एका आण्यावरून पुरेसे कळते.

विसाव्या शतकात हे नाते हळूहळू बदलले. १९१६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे महाविद्यालय निघाले. त्याच प्रतिष्ठानाच्या मदतीने १९३२ मध्ये कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचे प्रश्न आता त्या देशांच्या सरकारांचे प्रश्न झाले. १९६१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे आंतरराष्ट्रीय आरोग्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्याचे संस्थापक कार्ल टेलर यांचा जन्म मसुरीचा होता आणि तत्पूर्वी त्यांनी लुधियानाच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात काम केले होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा सर्वांच्या आरोग्याचा मार्ग असल्याचे त्यांनी जाहीर केले. अलीकडच्या काळात अनेक विद्यापीठांनी या विषयाला ‘जागतिक आरोग्य’ असे नाव दिले आहे. नाव बदलले तरी प्रश्न कोणाचा, हा जुना प्रश्न शिल्लक राहतोच.

पदवीचे स्वरूप

या क्षेत्रात दोन प्रकारच्या पदव्या आहेत आणि त्यांतील भेद प्रारंभीच समजून घ्यावा. सार्वजनिक आरोग्यातील एम. पी. एच. ही पदवी मुख्यतः कार्यकर्त्याची पदवी होय. एक किंवा दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्यव्यवस्थापन व आरोग्यविषयक धोरणे शिकविली जातात. प्रस्थापित ज्ञानाचा उपयोग करण्याची पात्रता तिच्यामुळे येते. पीएच. डी. ही पदवी ज्ञानात भर घालण्यासाठी असते. या दोहोंच्या दरम्यान सार्वजनिक आरोग्यातील व्यावसायिक डॉक्टरेटही काही विद्यापीठांत आहे. पुढे आरोग्यसेवांचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांसाठी ती योजलेली असते.

अमेरिकेतील पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला आधी एक-दोन वर्षे वर्गातील अभ्यास व त्यानंतर एक सर्वंकष परीक्षा पार करावी लागते. मगच तो प्रबंधाकडे वळतो. ब्रिटनमध्ये संशोधनाला लवकर आरंभ होतो, मात्र पहिल्या टप्प्याअखेर विद्यार्थ्याच्या कामाची कसून तपासणी होऊन मगच डॉक्टरेटसाठी त्याची नोंद कायम केली जाते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी.साठी किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत ठरविलेली आहे, तसेच संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक आहे. याच नियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली.

भारतातील संस्थाही आज अनेक आहेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्राने १९७० च्या दशकापासून वैद्यक आणि समाजशास्त्र यांची सांगड घातली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये एम. पी. एच. अभ्यासक्रम सुरू केला. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून जन्ममृत्यूंच्या अभ्यासाचे शिक्षण देत आली आहे. परदेशी गेल्यावाचून हा विषय शिकता येत नाही, असे म्हणण्यास आता आधार उरलेला नाही. परदेशातील शिक्षणाने ग्रंथालये, सहाध्यायी आणि पद्धतींचा कसून सराव लाभतो, हे खरे. प्रश्न मात्र तेथे मिळेलच असे नाही. तो कोठे मिळतो, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

मद्रास आणि तुमकूर : प्रश्नाची निवड

१९५० च्या दशकात भारतात क्षयाचे रुग्ण लक्षावधी होते आणि आरोग्यधामांतील खाटा फारच थोड्या होत्या. युरोपात रूढ असलेली समजूत अशी की, क्षयाच्या रोग्याला पूर्ण विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा लाभल्याशिवाय तो बरा होत नाही. ही समजूत बरोबर मानली, तर भारतातील बहुसंख्य रुग्णांना काही उपायच नव्हता. १९५६ मध्ये मद्रासला क्षय-रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी ते मिळून चालविले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश वैद्य त्याचे प्रमुख होते.

केंद्राने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. तीच औषधे घेणारा रुग्ण घरी राहिला, तर तो आरोग्यधामातील रुग्णाइतका बरा होतो काय? मद्रास शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एक गट वर्षभर आरोग्यधामात राहिला. दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरांत राहून तीच औषधे घेत राहिला. आरोग्यधामातील रुग्णांचा आहार चांगला होता, त्यांना विश्रांती होती, त्यांचे वजनही अधिक वाढले. परंतु रोग बरा होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. घरातील इतर माणसांना बाधा होण्याचा धोकाही घरी उपचार घेतल्याने वाढला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि केवळ भारतातच नव्हे, तर श्रीमंत देशांतही आरोग्यधामांचे युग संपण्यास त्यांनी हातभार लावला. दारिद्र्याने पुढे आणलेल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्या जगाच्या उपयोगी पडले.

याच सुमारास, १९५९ मध्ये, बंगलोर येथे राष्ट्रीय क्षय संस्था सुरू झाली. तेथे देबब्रत बॅनर्जी आणि डेन्मार्कचे स्टिग आंडरसन यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला. खेड्यातील माणूस अडाणी असल्यामुळे रोगाची लक्षणे ओळखत नाही व दवाखान्यात येत नाही, असे योजनाकार गृहीत धरीत. म्हणून क्ष-किरणयंत्रे गाड्यांवर घालून गावोगाव रुग्ण शोधावेत, असा विचार बळावत होता. बॅनर्जी आणि आंडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात सर्वेक्षणात क्षय आढळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलणे केले. बहुतेकांना आपल्या दुखण्याची जाणीव होती. निम्म्याहून अधिक जण दवाखान्याची पायरी चढून आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते!

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दोष कोठे आहे ते दाखविले. रुग्ण सेवेकडे गेला होता. सेवेने त्याला ओळखले नव्हते. सामान्य दवाखान्यात जो खोकत येईल त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, हा १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाचा पाया याच विचारातून घातला गेला. या अभ्यासासाठी लागलेली साधने म्हणजे प्रश्नावली, चालण्याची तयारी आणि उत्तरदात्याचे म्हणणे खरे असू शकते हा विश्वास. बॅनर्जी यांनीच पुढे दिल्लीच्या सामाजिक वैद्यक केंद्राची उभारणी केली. विद्यार्थ्याने या दोन्ही उदाहरणांतून घ्यावयाचा बोध असा की, सर्वांनी मान्य केलेले गृहीत तपासून पाहणे हा प्रबंधाचा उत्तम विषय असतो. आणि ते गृहीत बहुधा रुग्णाविषयी असते.

खन्ना : उत्तरदात्याचा होकार

प्रश्न बाहेरून आला तर काय होते, याचे उदाहरण पंजाबात सापडते. १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉन गॉर्डन आणि जॉन वायन यांनी लुधियाना जिल्ह्यात खन्ना गावाच्या परिसरात कुटुंबनियोजनाचा एक विस्तृत अभ्यास हाती घेतला. काही गावांत कार्यकर्ते घरोघर जाऊन गर्भनिरोधक गोळ्या देत. काही गावे तुलनेसाठी ठेवलेली होती. गावकऱ्यांनी पाहुण्यांचे स्वागत केले, प्रश्नांना उत्तरे दिली, गोळ्या घेतल्या. अभ्यास संपला तेव्हा मात्र जन्मदरावर या प्रयत्नांचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नसल्याचे दिसून आले.

काही वर्षांनी महमूद ममदानी हे युगांडातील भारतीय वंशाचे तरुण अभ्यासक त्या परिसरातील मानुपूर या गावी गेले. त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. गावकऱ्यांनी गोळ्या घेतल्या खऱ्या, पण पुष्कळांनी त्या वापरल्याच नव्हत्या. दुरून आलेल्या, गोड बोलणाऱ्या माणसाला नकार देणे त्यांना असभ्यपणाचे वाटले. शिवाय शेतीत राबणारे हात आणि म्हातारपणाचा आधार या दृष्टीने अधिक मुलगे असणे हे त्यांच्या हिशेबात तोट्याचे नव्हते. ममदानी यांचा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला असे नाही. पण ‘होय’ म्हणणे आणि पटणे यांतील अंतर त्यांनी जगापुढे ठेवले, आणि प्रश्नावली हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवणे अगत्याचे झाले.

खन्नाच्या अभ्यासाला केवळ अपयशाचे उदाहरण मानणे मात्र अन्यायाचे होईल. गॉर्डन आणि वायन यांनी वर्षानुवर्षे गावांतील प्रत्येक जन्माची व मृत्यूची चोख नोंद ठेवली होती. अंगावरचे दूध सुटून वरच्या अन्नाकडे वळण्याच्या काळात मुलांना अतिसाराचा धोका का वाढतो, हे त्या नोंदींतून उलगडत गेले. मुलींचे लग्नाचे वय वाढले की जन्मदर खाली येतो, हेही पुढे त्याच गावांत दिसून आले. मूळ प्रश्न चुकला, तरी प्रामाणिक नोंदींनी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली. प्रबंधाचा सिद्धांत टिकेल की नाही, हे कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती नसते. नोंदवही चोख ठेवणे त्याच्या हाती असते.

बनगाव : पद्धती आणि निकड

संशोधनपद्धतीच्या वर्गात विद्यार्थी शिकतो की, उपचाराचा गुण सिद्ध करण्यासाठी तुलनेचा गट हवा. हा नियम योग्यच आहे. पण कधी कधी परिस्थिती नियमाला जागा ठेवीत नाही.

पटकीच्या रुग्णाच्या शरीरातून पाणी आणि क्षार इतक्या वेगाने जातात की, काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. शिरेतून सलाईन देणे हा त्यावरचा उपाय होता. पण त्यासाठी बाटल्या, सुया आणि शिकलेली माणसे लागत. साखरेबरोबर मीठ पोटात गेले तर पटकीतही आतडे ते शोषून घेते, हे १९६० च्या दशकात कलकत्ता आणि ढाका येथील संशोधनांनी दाखविले होते. ढाक्यात डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये रीतसर तुलना करून त्याची उपयुक्तता सिद्ध केली होती. तरीही हे ज्ञान रुग्णालयाच्या भिंतीबाहेर चालेल, असे फार थोड्यांना वाटत होते.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावण्यांत पटकी पसरली. सीमेवरील बनगावच्या रुग्णालयात दिलीप महालनबीस यांना रुग्ण जमिनीवर, घाणीत पडलेले दिसले. ते कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रात काम करीत होते. सलाईनचा साठा संपत आला होता. मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडकी कलकत्त्यात तयार करवून ती स्वच्छ पाण्यात मिसळण्याची व्यवस्था त्यांनी केली. द्रावण पिंपांत भरले जाई आणि रुग्णांचे नातेवाईकच ते पेल्यापेल्याने रुग्णाला पाजीत. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर असे उपचार झाले. आधी शंभरांत तीसपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण महालनबीस यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ पर्यंत उतरले.

येथे तुलनेचा गट नव्हता, तो असणे उचितही झाले नसते. म्हणून काही तज्ज्ञांनी या कामाकडे साशंकतेने पाहिले. अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेतील धीमान बरुआ यांनी हे काम प्रत्यक्ष पाहून त्याचा पुरस्कार केला आणि पुढील काही वर्षांत ही पद्धत जगभर स्वीकारली गेली. आज घरोघर जलसंजीवनी म्हणून ती परिचित आहे. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. बनगावच्या छावणीत शोधलेली गोष्ट औषध नव्हती, ते आधीच ज्ञात होते. आईच्या किंवा भावाच्या हाताने ते देता येते, हा तेथील शोध. आंतरराष्ट्रीय आरोग्यातील पुष्कळसे संशोधन या जातीचे असते आणि ते कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

नारंगवाल ते गडचिरोली : तुलनेच्या गावाचे ऋण

कार्ल टेलर यांनी लुधियानाजवळील नारंगवाल येथे १९६० च्या दशकात ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र उभारले. कुपोषण आणि संसर्ग हे एकमेकांना बळ देतात, हे टेलर यांनी नेव्हिन स्क्रिमशॉ व जॉन गॉर्डन यांच्यासह १९५९ मध्ये मांडले होते. नारंगवालमध्ये त्याची कसोटी घेण्यात आली. काही गावांत मुलांना पूरक आहार, काहींत वैद्यकीय सेवा, काहींत दोन्ही आणि काहींत यांपैकी काहीच नाही, अशी रचना होती. सेवा देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या गावात राहणाऱ्या सहायक परिचारिका होत्या. मुलाचा न्यूमोनिया ओळखून पेनिसिलिन देण्याचे काम त्या करीत. सेवा मिळालेल्या गावांत बालमृत्यू कमी झाले. १९७४ मध्ये केंद्र बंद झाले. त्याचे सविस्तर निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

टेलर यांच्या विभागाशी संबंध आलेल्यांत काही महाराष्ट्रीय डॉक्टरही होते. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जॉन्स हॉपकिन्स येथे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ मध्ये तेथूनच एम. पी. एच. पदवी घेतली आणि १९८६ मध्ये ते गडचिरोली या दुर्गम जिल्ह्यात गेले. त्यांनी तेथे नेलेली मुख्य वस्तू म्हणजे मोजण्याची शिस्त. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांतील फारच थोड्यांची तशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुटुंबनियोजनाच्या आकड्यांत गुंतलेल्या आरोग्ययंत्रणेने न विचारलेला प्रश्न त्या स्त्रियांच्या दुखण्यातून पुढे आला होता.

नंतरचा प्रश्न नवजात अर्भकांचा. आजारी नवजाताला रुग्णालयात न्यावे, असा सल्ला दिला जाई. पण रुग्णालय दूर, वाट जंगलाची आणि बाळंतीण घराबाहेर पडू न शकणारी. तेव्हा गावातीलच, थोडे शिकलेल्या स्त्रीला नवजाताची काळजी घेण्याचे व जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविक देण्याचे शिक्षण दिले तर काय होईल? ३९ गावांत ही सेवा देण्यात आली. ४७ गावे तुलनेसाठी होती व तेथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, सेवेच्या गावांतील नवजातांचा मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटला.

अशा अभ्यासातील एक काटा विद्यार्थ्याने दृष्टीआड करू नये. तुलनेच्या गावांतही बाळे जन्मतात आणि मरतात. त्यांच्या मृत्यूंची मोजणी झाल्यामुळेच निष्कर्षाला वजन येते. ज्यांना काही मिळाले नाही, त्यांचे हे देणे असते. ते फेडण्याचे काही मार्ग आहेत. उपाय खरोखर उपयुक्त आहे की नाही याविषयी प्रामाणिक अनिश्चितता असेल, तेव्हाच तुलना करावी. तुलनेच्या गटाची चालू सेवा काढून घेऊ नये. आणि उपाय सिद्ध झाल्यावर तो त्या गावांपर्यंत व त्यांच्यासारख्या इतर गावांपर्यंत नेण्याची खटपट करावी. प्रबंध मान्य झाला म्हणजे ही शेवटची जबाबदारी संपते, असे नाही. घरच्या घरी नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तींच्या द्वारा राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाली. अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर तोवर बारा वर्षे लोटली होती.

संमती, परवानगी आणि विश्वास

हुसेन खानाला एक आणा मिळाला, पण त्याची संमती आजच्या अर्थाने कोणी विचारली नव्हती. १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे मानवावरील संशोधनाचे नियम जाहीर केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये याविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि २०१७ मध्ये त्याची विस्तृत सुधारित आवृत्ती काढली. संशोधनाला नैतिकता समितीची मान्यता लागते. परदेशी सहकार्य असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही प्रस्ताव पाठवावा लागतो. विद्यार्थी याकडे बहुधा वेळ खाणारा कागदी सोपस्कार म्हणून पाहतात. त्यामागे इतिहास आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी दिल्लीजवळ डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा एक प्रकल्प जागतिक आरोग्य संघटना व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद चालवीत होत्या. त्याला अमेरिकेचा पैसा होता. भारतात हिवताप आणि हत्तीरोग असताना, येथे कधीही न आढळलेला पीतज्वर ज्या डासामुळे पसरतो त्या डासावर इतका भर का, असा प्रश्न वृत्तपत्रांनी आणि पुढे संसदेच्या लोकलेखा समितीने विचारला. शास्त्रज्ञांनी आपली बाजू मांडली. परंतु विश्वास उडाला होता, आणि १९७५ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. संशयाचा कोणता भाग सयुक्तिक होता, यावर मतभेद राहिले. तथापि एवढे निश्चित की, ज्या समाजात संशोधन चालते त्याला त्याचे प्रयोजन समजावून सांगितले नाही, तर उत्तम प्रयोगशाळाही त्याला वाचवू शकत नाही.

संमतिपत्रावरील अंगठा हा त्या समजाचा पुरावा नव्हे. उत्तरदात्याच्या भाषेत, त्याच्या अंगणात बसून, त्याला नकार देण्यास पुरेशी मोकळीक ठेवून बोलणे झाले पाहिजे. खन्नाच्या गावकऱ्यांना ही मोकळीक वाटली असती, तर त्यांनी गोळ्या पहिल्याच दिवशी परत केल्या असत्या आणि संशोधकांची कित्येक वर्षे वाचली असती.

विद्यार्थ्यापुढील काम

वरील उदाहरणांवरून तयारीचा क्रम सांगता येतो. विषय ठरविण्यापूर्वी काही महिने तरी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वस्तीत घालवावेत आणि तेथील परिचारिका, सुईण, आशा कार्यकर्ती व रुग्ण यांना कोणती अडचण रोज भेडसावते ते ऐकावे. नंतर त्या अडचणीविषयी पूर्वी काय लिहिले गेले आहे ते शोधावे. साथरोगशास्त्र आणि जीवसांख्यिकी यांचा पाया पक्का करावा. कारण सहानुभूती कितीही खरी असली, तरी चुकीच्या नमुन्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचाच असतो. मार्गदर्शक निवडताना त्याच्या कीर्तीपेक्षा तो क्षेत्रावर स्वतः जातो की नाही, हे पाहावे. त्या भागाची भाषा शिकावी. दुभाष्याच्या तोंडून ऐकलेले दुखणे अर्धेच कळते.

प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, त्यावर मौखिक परीक्षा होते आणि त्याची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवली जाते. ज्या गावांनी आपले जन्म, मृत्यू आणि दुखणी उघडी करून दाखविली, त्या गावांत त्यातील एक ओळही बहुधा पोहोचत नाही. म्हणून निष्कर्षांचा सारांश त्या भागाच्या भाषेत लिहून तो ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला देणे, हा संशोधनाचाच अखेरचा टप्पा समजावा व त्यासाठी वेळ आणि खर्च यांची तरतूद प्रारंभीच्या आराखड्यातच करावी. गावकरी त्यावर प्रश्न विचारतील. काही निष्कर्ष त्यांना पटणारही नाहीत. पुढच्या संशोधनाचा विषय पुष्कळदा त्याच बैठकीत मिळतो.